टाकीतला चुना

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने राग मानू नये.

माझे मालक गेले त्या सकाळी नेहमीसारखेच छिन्नी-हातोडा घेऊन सौंसरच्या आमच्या घरून महादेवाच्या देवळाकडे निघाले. दारातून वळून म्हणाले, "चुन्यावर पानी पाहत जाजो. उघडा पडला तर वाया गेला समज." दुपारी देवळातून बोलावणं आलं. छातीत कळ आली म्हणे… मी पोहोचले तेव्हा यांचे हात पांढऱ्या धुळीने भरलेले होते, आणि सगळं संपलं होतं.

ते देऊळ दगडाचं, फार जुनं. तरुणपणी यांनीच पुढाकार घेऊन त्याच्या भेगा सिमेंटने बुजवल्या. गावाने हार घातला. पण आत कोंडलेल्या ओलीने दगडाचे पापुद्रे सुटू लागले आणि एका पावसाळ्यात भिंतीवरच्या हत्तीची सोंड गळून पडली. त्या दिवशी हे जेवले नाहीत. पांढुर्ण्याच्या एका मिस्त्रीने सांगितलं, सिमेंट काढा, चुना भरा. वर्गणी करून चुना आणला, आमच्या अंगणातल्या टाकीत भिजवला, आणि स्वतःच भरलेलं सिमेंट स्वतःच उकरायला बसले. पूर्वेच्या एका भिंतीलाच वर्षं गेली. देवळाच्या समितीचे अध्यक्ष ओट्यावर येऊन म्हणत, "भाऊ, किती दिवस दगड कोरून राहिले? टाइल लावून टाकू न, चकाचक!"

"टाइल तुह्या न्हाणीत लाव बाप्पा. महादेव काही तुह्याकडं आंघोळीले नाही येऊन राहिला."

आत मी तोंडाला पदर लावून हसायची.

तेरवी झाली आणि आठवड्यात तीन बाजूंना टाइल चढली, सिमेंटनेच. पूर्वेची बाजू राहिली, तीही टाइल कमी पडली म्हणून. मग अध्यक्ष उरलेली वर्गणी मागायला आले. "वहिनी, पैसा देवाचाच आहे, द्या इकडं."

परपुरुषासमोर मी कधी बोलले नाही. दाराआडून म्हटलं, "चुन्यासाठी दिला होता लोकायनं. ज्याचा त्याले वापस करते."

"अन् चुना आनला, त्याचं काय?"

"तेही भरते."

घरोघरी जाऊन पैसे दिले. कोणी म्हणे, राहू द्या काकू. कोणी दोनदा मोजून घेई. चुन्यापुरते पैसे आमच्या संत्र्यांचे आले त्यातून भरले. राग अजून जात नाही… इतक्या वर्षांचं उकरणं यांचं, आणि बाकी देवळाला पुन्हा तेच सिमेंट.

रोज सकाळी टाकीचं झाकण सरकवून पाणी घालते. खाली चुना लोण्यासारखा मऊ आहे. पूर्वेच्या भिंतीला कधी लागला तर कोणाला विचारायचं नाही, तो आता घरचा आहे. काल शेवटचं घर झालं, अध्यक्षांचंच. त्यांनी नोटा खिशात घातल्या, माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांचे पैसे फिटले.