साईन आणि कॉसची बेरीज

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. घरी नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? खरंच ठाऊक नाही — पण सुरुवात केलीच आहे तर आता थांबत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. जळगावहून मी शिंदखेड्याच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला आले, ती नवी नवी नोकरी. समोर मिसरूड फुटलेली पोरं, पहिल्या बाकावर चारच मुली. बाई गणित शिकवणार म्हणून पोरांना आधीच गंमत वाटत होती, आणि मला भीती. चुकायचं नाही, एवढंच डोक्यात असायचं.

त्या दिवशी आलेख होते. फळ्यावर साईनची लाट काढली, तिच्यावर कॉसची. दोन्ही एकाच्या वर जात नाहीत, उणे एकाच्या खाली उतरत नाहीत. मग दोघांची बेरीज केली तर रेंज काय? मी ऐटीत लिहिलं — उणे दोन ते दोन. एक आणि एक दोन, त्यात विचार कसला करायचा?

शोभा उभी राहिली. जवळच्या खेड्यातून एसटीने येणारी, कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी. "मॅडम, साईन एक व्हस तवय कॉस शून्य शे ना? मंग दोन कवय व्हई?"

वर्ग हसला. तिच्या प्रश्नाला नव्हे हो — 'आहे'च्या जागी आलेल्या त्या अहिराणी 'शे'ला. मला प्रश्न कळला होता, निदान माझं काहीतरी चुकतंय एवढा तरी. आणि मी काय केलं? त्या हसण्यात सामील झाले. म्हटलं, "आधी नीट बोलायला शीक, मग गणित." माझी आई घरात असंच बोलते. मीही बोलते.

घरी येऊन पंचेचाळीस अंशांच्या किमती मांडल्या. बेरीज दीडसुद्धा भरेना. दोन्ही लाटांची टोकं एका जागी येतच नाहीत, मग दोन होणार कुठून? बेरीज वर्गमूळ दोनाच्या पुढे जातच नाही. मला लाज वाटली, खूप वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी निघाली. दुसऱ्या दिवशी वर्गात हसून म्हणाले, "काल मी मुद्दाम चूक केली होती, बघत होते कोण पकडतं. एकालाही पकडता आली नाही!"

शोभाने मान खाली घातली. नंतर तिने हात वर करणंच सोडलं.

महिन्याभरात तिचे वडील आले. सगळे त्यांना आबा म्हणायचे. "मॅडम, पोर म्हनस, माले गणित जमत नही. आर्ट्सले टाकू का?"

तेव्हा मात्र माझी जीभ अडखळली नाही. "आबा, वर्गात तिच्याइतकं गणित कुणालाच जमत नाही. काढू नका तिला." हे शंभर टक्के खरं होतं. पण मला कसं कळलं, ते मी सांगितलं नाही.

शोभा राहिली. टॅनचा आलेख आला तेव्हा बिचकत उठली — "मॅडम, याले वर-खाल हद्दच नही शे ना?" दोघं-तिघं खुदकन हसले. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "बराबर शे." शोभाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आठवलं की आजही बरं वाटतं.

पुढे तिने धुळ्याला बी.एस्सी.ला गणितच घेतलं. आबांनी बसस्टँडवर हात जोडून सांगितलं, "मॅडम, तुम्हना मोठा उपकार शे." मी तो उपकार घेतला. बस आली, चढले, खिडकीतून हातही हलवला.

त्या वर्गातली पोरं आता बापे झाली असतील. त्यांना अजून वाटत असेल, मॅडमनी ती चूक मुद्दाम केली होती. मुद्दाम नव्हती केली. मला येत नव्हतं. शोभाला येत होतं.