शिमग्यातल्या गमतींची नियमावली

आमच्या कोशात शब्द किती जमले असं कुणी विचारलं, तर मला साइट उघडून बघावं लागतं. किस्से मात्र तोंडपाठ आहेत. शब्द मागून मिळत नाहीत, आणि किस्से न बोलावता येऊन बसतात.

कोश म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या बोलीतल्या शब्दांचा ऑनलाइन कोश. कुणीही यावं, शब्द टाकावा, दुसऱ्यानं तो दुरुस्त करावा. पगार कुणालाच नाही. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो आणि फावल्या वेळात कोशातली साफसफाई बघतो. प्रमुख म्हणजे नीलमताई. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या, पण लाल पेन अजून पर्समध्ये असतं. तांत्रिक बाजू प्रसाद सांभाळतो. तो गावचा दाभोळचा, नोकरीला मुंबईत. आणि चौथे बापूकाका, आंजर्ल्याचे, एसटीतले निवृत्त कंट्रोलर. सगळी भानगड त्यांच्यापासून सुरू झाली.

*

एका शिमग्याला बापूकाकांनी कोशात 'लाजरा बांगडा' नावाचा मासा टाकला. हा मासा म्हणे बघणाऱ्याकडे पाठ फिरवतो, म्हणून बाजारात त्याची फक्त शेपटी दिसते. खाली चव, हंगाम, शिजवायची रीत, सगळं व्यवस्थित. आम्ही दोन दिवस हसलो आणि विसरलो. पुसायचंही विसरलो.

सहा महिन्यांनी एका शाळेतून नीलमताईंना फोन आला. सातवीतल्या मुलीनं विज्ञान प्रदर्शनात 'आपल्या किनाऱ्यावरचे मासे' हा तक्ता लावला होता, आणि मधोमध मोठ्ठा लाजरा बांगडा. परीक्षक सगळ्यांसमोर हसले. मुलगी तक्ता काढून घरी गेली ती दोन दिवस शाळेत आली नाही.

बापूकाका दोन एसट्या बदलून त्या शाळेत गेले. मुलीसमोर हात जोडून म्हणाले, "बाय, चूक माझी आहे."

मुलीनं विचारलं, "मग बाकीचे मासे खरे आहेत का?"

काकांनी परतीच्या गाडीतून मला फोन केला. म्हणाले, "सुहास, तिला हो म्हटलं मी. पण तिनं विश्वास ठेवला नाही."

*

म्हणून नियम करायचे ठरलं. ग्रुपवर चर्चा सुरू झाली. 'खाडी' या शब्दाच्या अर्थावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली होती. 'गंमत' या शब्दावर अकरा दिवस झाली.

त्यातले सहा दिवस शिमगा कधी संपतो यावर गेले. प्रत्येक गावाची पालखी वेगळ्या दिवशी. कुणी म्हणे पौर्णिमेला संपतो, कुणी म्हणे पंचमीला. बापूकाकांनी लिहिलं, "आमच्याकडे पालखी शेवटच्या घरातून निघाली की संपतो. शेवटचं घर कुठलं, यावर वाद चालू आहे."

एकानं एक एप्रिलचा मुद्दा काढला. नीलमताईंचं उत्तर एका ओळीचं होतं, "तो आपला सण नाही." प्रसादनं लिहिलं, "आणि त्या दिवशी सुट्टीही नसते." या एकाच कलमावर आमचं एकमत झालं.

शेवटी पंधरा दिवसांचा काळ ठरला. या पंधरा दिवसांत कोशात आलेला प्रत्येक नवा शब्द संशयित मानायचा, आणि लिहिणाऱ्यानं आधी परवानगी घेतलेली नसेल तर पुसायचा. जागा वाचावी म्हणून पुसलेलं कायमचं पुसायचं. हे कलम मी सुचवलं होतं. नीलमताईंनी "उत्तम" असा शेरा दिला. तीस वर्षांचा सराव, बरं वाटलं मला.

*

गमतीसाठी परवानगी मिळायची, नाही असं नाही. अर्ज करायचा. दोन दिवस आधी. तिघांची मंजुरी. वर ठळक अक्षरांत 'ही गंमत आहे' असं लिहायचं.

पुढच्या शिमग्याला एकच अर्ज आला, बापूकाकांचा. एसटीच्या वेळापत्रकाची भाषा वापरून त्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक केलं होतं. 'ओहोटी विलंबाने सुटेल, प्रवाशांनी खडकावर थांबावे,' असं काहीतरी. मला मनापासून आवडलं होतं. पण मंजुरीच्या चौकटीत हसायची सोय नव्हती, म्हणून मी 'हरकत नाही' एवढंच लिहिलं. प्रसादनं अंगठा दाखवला. नीलमताईंनी ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढून अर्ज परत पाठवला.

काकांनी अर्ज मागे घेतला. मी फोन केला तर म्हणाले, "अरे, आधी कळवून केली तर तिला गंमत म्हणत नाहीत. नोटीस म्हणतात. नोकरीभर तेच लावत आलो बोर्डावर."

त्या वर्षी एकही गंमत झाली नाही. वार्षिक आढाव्यात नीलमताईंनी लिहिलं, 'नियमावली यशस्वी.'

*

प्रसादचा किस्सा त्यानंतरचा. त्यानं परवानगी न घेता होळीच्या सकाळी पहिल्याच पानावर सूचना लावली : 'पुरेसा प्रतिसाद नसल्यामुळे हा कोश आजपासून कायमचा बंद करण्यात येत आहे.' संध्याकाळपर्यंत लोक खवळतील, मग आपण 'बुरा न मानो' म्हणून काढून टाकू, असा त्याचा हिशेब.

संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नीलमताई भाचीच्या लग्नात होत्या, बापूकाका पालखीमागे, मी तापानं पडलो होतो. तिसऱ्या दिवशी एक मेल आला. प्रसादनं धावत जाऊन उघडला. एका सभासदाला त्याचा पासवर्ड आठवत नव्हता.

चौथ्या दिवशी प्रसादनं सूचना स्वतःच काढली आणि स्वतःच आम्हाला सांगितलं. नीलमताईंनी नवं कलम घातलं : 'कोशाच्या प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी गंमत करू नये.'

प्रसाद मला फोनवर म्हणाला, "दादा, धक्का कोशाला नाही बसला." मागे त्याच्या ऑफिसातले आवाज येत राहिले.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण यात चूक माझी आहे.

गेल्या शिमग्यात दाभोळहून एका नव्या सभासदानं एका दुपारी सदतीस शब्द टाकले. होडीचे, वाऱ्याचे, पाण्याच्या रंगांचे. एकही शब्द मी कधी ऐकलेला नव्हता. परवानगी नव्हती. पंधरा दिवसांच्या आतली तारीख. कुणीतरी बसून जोरात गंमत केलीय, असं मला वाटलं. एक-दोन अर्थ वाचून मी हसलोसुद्धा. मग सगळे पुसले.

पावसाळा संपता संपता मेसेज आला, 'सासूबाई विचारतात, त्यांचे शब्द कुठे बघायचे?'

लिहिणारी मनीषा. तिच्या सासूबाई लक्ष्मीबाई, वय ऐंशीच्या पुढे, जन्म होड्यांच्या घरात गेलेला, नवरा होडीवाला. मुंबईतली मुलं शिमग्याला घरी आली होती, जुन्या बोटींच्या गोष्टी निघाल्या, म्हातारी बोलत सुटली आणि सून मोबाइलवर थेट कोशात टाइप करत गेली. दुसरीकडे कुठे लिहून ठेवलं नव्हतं. कोशात आहेत म्हटल्यावर कशाला ठेवायचे?

मी प्रसादला विचारलं, परत आणता येतील का. तो म्हणाला, "कायमचं पुसायचं, हे कलम तुझंच ना दादा?"

रविवारी मी दाभोळला गेलो. लक्ष्मीबाई अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकत बसल्या होत्या. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे आमी चेष्टा केली असं वाटलं तुला?"

"हो आजी."

"सांगतात का कोणी आपल्या धन्याचे शब्द चेष्टेत?"

मी म्हटलं, "पुन्हा सांगाल का? मी लिहून घेतो."

"ते त्या वेळी आले तोंडाला. माझा मोठा समोर बसलेला, त्याच्याशी बोलता बोलता. आता तो गेला मुंबईस." मग माझ्या वहीकडे बघत म्हणाल्या, "आणि हे ठेवशील कशावरून?"

मनीषानं चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर म्हातारीनं आपण होऊन चार शब्द सांगितले. सांगताना चेहरा सरळ होता. चौथ्या शब्दाला मनीषा मात्र तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की काय, ते मला दिसलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

चौथा शब्द होता 'पाठवळ'. होडी पुढे गेल्यावर पाण्यावर मागे उरते ती गुळगुळीत वाट.

परत येताना फेरीबोटीत कठड्याला टेकून एक खलाशी उभा होता. पन्नाशीचा, दाभोळचाच. मागे पाण्यावर तशी वाट उमटत होती. मी बोट दाखवून विचारलं, "याला पाठवळ म्हणतात का?"

त्यानं पाण्याकडे बघितलं. "नाय. त्याला काय नाव नाय. पाणीच ते."

मी वही बंद केली.

"कोणी सांगितलं तुमाला?"

मी लक्ष्मीबाईंचं नाव घेतलं.

तो पुन्हा वळून पाण्याकडे बघत राहिला. दाभोळचा धक्का लहान होत गेला.

"आजीनं सांगितलं?" तो म्हणाला. "मग असंल."