साहेब निघालेत

आता जे लिहितो आहे ते माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. प्रार्थनेतसुद्धा मी ते कधी नीट उच्चारलेले नाही. उपासनेत सगळी मंडळी मिळून पापांची कबुली देते, तेव्हा तिथे 'आम्ही' असतो — आम्ही चुकलो, आम्ही भटकलो — आणि त्या 'आम्ही'च्या गर्दीत मी इतकी वर्षे निर्धास्त उभा राहिलो. गर्दीत एकट्याचा आवाज कोणाला ऐकू येतो?

लिहिण्याची मला सवय नाही. जन्मभर मुलांचे निबंध तपासले. स्वतःचे असे काही निवृत्तीनंतर लिहू लागलो, तेही दार लोटून. हा कागद मात्र वेगळ्या कामासाठी घेतला होता. आमच्या भिंगारच्या चर्चच्या मंडळीत नवे पंच निवडले गेले आहेत. पंच म्हणजे पाळकांच्या हाताखाली मंडळीचा कारभार पाहणारी माणसे. मी त्यांतला सर्वांत जुना. आमच्या तरुण पाळकांनी मला नव्यांपुढे आज्ञापालनावर बोलायला सांगितले आहे. या विषयावर तुमच्याइतका अधिकार कोणाचा, असे ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

चार ओळी लिहिल्या. खोडल्या. मग हे सुरू झाले.

आमच्या त्या वेळच्या पाळकांना सगळे 'साहेब' म्हणत. माझे वडील वारले तेव्हा मी शाळेत होतो. साहेबांनी मला वसतिगृहात घातले, पुढे शिकवले, नोकरीसाठी शब्द टाकला, माझे लग्न लावले. त्यांना दुष्ट ठरवले तर माझे काम फार सोपे होईल — म्हणून आधीच सांगून ठेवतो, ते दुष्ट नव्हते. साथीच्या तापात ज्यांच्या घरात सख्खे भाऊ पाय ठेवत नव्हते, त्यांच्या उशाशी मी त्यांना बसलेले पाहिले आहे. मला पंच त्यांनीच केले. "तू सांगितलेले ऐकतोस," ते म्हणाले होते, "मंडळीला अशी माणसे लागतात." केवढा आनंद झाला होता मला!

आणि आमच्या भिंतीपलीकडे शमुवेलकाका आणि मार्थामावशी राहत. काका लष्कराच्या कामावर सुतार होते. चर्चमधल्या बाकांचे निखळलेले पाय तेच सांधत. अबोल माणूस. मावशी मात्र दोघांच्या वाटचे बोलत असे. माझ्या पत्नीच्या बाळंतपणांत आमची चूल तिनेच सांभाळली. मी लाजाळू म्हणून माझी थट्टाही तिनेच करायची. नवे लग्न झाले होते तेव्हा भिंतीपलीकडून म्हणाली होती, "मास्तर, बायकोशी बोलतोस का, का तिलाबी फळ्यावर लिहून दावतोस?" आतून काकांचे हसणे ऐकू आले होते. त्यांना मोठ्याने हसताना मी तेवढेच ऐकले.

मी विषयाभोवती फिरतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. माझ्याही आले आहे.

तो कापणीच्या सणाचा रविवार होता. वेदीपुढे भोपळे, गवारीचे भारे, ज्वारीची कणसे, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव. आणि मग मांडवात जेवण. त्या वर्षी मुख्य कचेरीतून मोठे पाहुणे आले होते. शमुवेलकाकांना त्याच आठवड्यात दवाखान्यातून घरी आणले होते — डॉक्टरांनी आशा सोडली होती. पंगत बसत होती तेवढ्यात मार्थामावशी फाटकापाशी आली. अनवाणीच आली होती. काकांनी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, मागितले होते. साहेबांना घेऊन ये, एवढेच मला म्हणाली आणि लगेच परत फिरली.

आजाऱ्याला घरी जाऊन भाकर आणि प्याला देण्याचा अधिकार फक्त पाळकांचा. आम्हां पंचांना तो नाही. मी साहेबांच्या कानाशी वाकलो. त्यांच्या दोन्ही बाजूंना पाहुणे होते. ते हळूच म्हणाले, "पाहुण्यांना पानावर सोडून कसा उठू? उद्या सकाळी जाईन. तू मार्थाला सांग, साहेब निघालेत. तिला धीर येईल."

मी निरोप पोहोचवला. परत येऊन वाढू लागलो, कारण वाढायला माणसे कमी होती. साहेबांच्या पानात दुसऱ्यांदा भात मी वाढला. पाहुणे उन्हे उतरेपर्यंत बसले, आणि साहेब त्यांच्याजवळून हलले नाहीत. दिवेलागणीला शमुवेलकाका गेले.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीची उपासना. पाहुणे मुक्कामालाच होते. पुढच्या बाकावर बसले. साहेब काकांविषयी फार सुंदर बोलले. आणि बोलता बोलता म्हणाले, की काल मी स्वतः जाऊन या भावाच्या ओठांना प्याला लावला. का म्हणाले असतील? ओघात आले आणि मागे घेता आले नाही? की रात्रभर मनात ते इतक्या वेळा गेले होते, की गेल्यासारखेच वाटू लागले? ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

मार्थामावशी शवपेटीजवळ बसली होती. उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "साहेब, तुमी आला न्हाईत. ते कोरड्या व्हटानं गेले."

कोणीतरी घाईने गीत धरले. मीही सूर मिळवला.

पुढच्या आठवड्यात पंचांची सभा बसली. भर उपासनेत पाळकांना खोटे ठरवले, म्हणून मावशीने माफी मागावी, असे ठरत होते. तिला बोलावले. ती दाराशीच उभी राहिली. "जे घडलं न्हाई त्याची माफी कशी मागू? मास्तरला इचारा. त्योच गेल्ता बोलवायला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. साहेबांनी पाहिले नाही. ते टेबलावरचे पुस्तक सरळ करीत होते. मी शिकलेला माणूस. वाक्य कसे रचावे हे मला येते. मी म्हणालो, "मी निरोप दिला होता. पुढचे मला ठाऊक नाही."

पुढचे मला ठाऊक नाही! ज्याच्या पानात मी भात वाढत होतो, तो माणूस त्या वेळी कुठे होता, हे मला ठाऊक नाही! घरी येताना मी स्वतःला सांगितले, की पाळकाचा मान राखणे म्हणजे मंडळी राखणे. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहावे, असे वचन आहे. ते मला तोंडपाठ होते. त्याच पुस्तकात खोट्या साक्षीविषयीही काही सांगितले आहे, ते त्या संध्याकाळी मला आठवले नाही — असे लिहिणार होतो. आठवले होते.

माफी मागेपर्यंत मावशीला प्रभुभोजन बंद, असा निर्णय झाला. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते आणि पंच भाकरीचे तबक घेऊन बाकांमधून फिरतात. ती बसायची ती बाजू त्या रविवारी साहेबांनी माझ्याकडे दिली. मी "बरं" म्हणालो. मावशी नेहमीच्या जागी होती, पांढरे लुगडे, डोक्यावर पदर. मी जवळ आलो तसा तिने हात पुढे केला. तिला निर्णय ठाऊक होता; पण तबक माझ्या हातात होते ना — आणि मला खरे ठाऊक होते. तिचा तळवा तबकाच्या अगदी खाली होता. मी तबक उचलून तिच्यावरून पुढे नेले आणि पलीकडच्या बाईपुढे धरले.

तो हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने त्याच हाताने पदर सारखा केला.

पुन्हा तिने कधी हात पुढे केला नाही. येत मात्र राहिली. दर पहिल्या रविवारी मी तिच्यावरून तबक नेत राहिलो, आणि उपासना सुटल्यावर ती मला विचारी, जेवायला काय केलंय रे तुझ्याकडं. हे मला सोसवत नव्हते, असे म्हणू का? सोसवत होते. माणसाला काय काय सोसवते!

पण मी तुम्हाला अजून सगळे सांगितलेले नाही. 'मी निरोप पोहोचवला,' असे मी वर लिहिले आहे. ते वाक्य मला आजवर पुरत आले. आज पुरत नाही.

मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा काकांना उशीला टेकवून बसवले होते. जवळ स्टुलावर धुतलेला पांढरा रुमाल अंथरलेला. आमच्याकडची जुनी माणसे प्रभुभोजनाआधी पाण्याचा घोटही घेत नाहीत. तसा नियम कुठे नाही, पण घेत नाहीत. काकांनी सकाळपासून काही घेतले नव्हते. शेवटी मावशीने मनधरणी करून बशीत चहा ओतला होता आणि ती बशी त्यांच्या ओठांपाशी नेत होती. मी म्हणालो, "मावशी, साहेब निघालेत."

काकांनी हाताने बशी बाजूला सारली. "आता नगं," ते म्हणाले. "आधी ते."

हे मी पाहिले. मी तिथे उभा होतो. साहेब येणार नाहीत, उद्या येतील, तोवर चहा घ्या — एवढेच बोलायचे होते. बशी अजून मावशीच्या हातात होती, चहा अजून गरम होता. मी म्हणालो, "येतो," आणि वाढायला गेलो. संध्याकाळपर्यंत त्यांनी दाराकडे डोळे लावून वाट पाहिली असेल. पाहिली असेल कशाला? पाहिली.

साहेबांचे खोटे नंतरचे. आधीचे माझे आहे. मला सांगितले गेले होते, हे खरे. पण जीभ माझी होती.

पुढे साहेबांची बदली झाली. निवृत्त झाले, वारले. त्यांच्या स्मरणसभेत मी बोललो. मावशी राजूरला लेकीकडे राहायला गेली. लेक तिथल्या दवाखान्यात नर्स होती. मावशीवरची बंदी कोणी उठवली नाही, कारण ती कोणाच्या लक्षातच राहिली नाही. माझ्या होती. मी तोवर पंचांत सर्वांत ज्येष्ठ झालो होतो; एका सभेचे काम होते. पण मग कोणीतरी विचारले असते — बंदी कशासाठी घातली होती?

नगरचे नाव बदलले त्या सुमाराला लेकीचा फोन आला, की आई फार थकली आहे, तुमची आठवण काढते. अकोले गावापर्यंत एसटीने आणि पुढे जीपने राजूरला गेलो. मावशी खाटेवर एवढीशी झाली होती. मला पाहून हसली. "मास्तर, सुटली का शाळा?" सगळ्यांची चौकशी केली. चर्चचे बाक कोण दुरुस्त करतो, तेही विचारले. मग जरा वेळाने छताकडे पाहत म्हणाली, "लई वर्सं झाली रे. भाकर मिळाली न्हाई."

मला वाटले, हीच वेळ. गुडघे टेकावेत, सगळे बोलावे. तोंडून निघाले ते असे: येत्या आठवड्यात आमच्या पाळकांना घेऊन येतो.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ. रागाने नव्हे — राग असता तर मी आज तो इथे अभिमानाने लिहिला असता.

"आन," ती म्हणाली. "पन निघालेत म्हनू नको."

म्हणजे तिला ठाऊक होते. कधीपासून? सभेत दाराशी उभी असताना? तबकाखाली हात धरला तेव्हा? आणि पंचांपुढे तिने माझे ते एक वाक्य कधीच उच्चारले नाही.

मग तिने लेकीला हाक मारली. "मला च्या दे गं." लेकीने आणला. माझ्यासमोर, बशीत ओतून, सावकाश, तिने तो सगळा पिऊन टाकला.

मी भिंगारला परतलो. पाळकांकडे जायचे तर आधी सगळे सांगावे लागणार होते. या रविवारी, म्हटले. मग म्हटले, नाताळ होऊन जाऊ दे. नाताळच्या तयारीत असतानाच लेकीचा फोन आला. आईला तिकडेच पुरले, म्हणाली. तुम्हाला कळवायला उशीर झाला, म्हणून तिनेच माझी क्षमा मागितली.

नव्या पंचांपुढे मला या रविवारी उभे राहायचे आहे. हा कागद खिशात असेल. तो उघडेन, असे लिहिणार होतो, लिहीत नाही. जायचे असो की सांगायचे, ते होण्याआधी 'निघालो' असे मी आता कोणाला म्हणत नाही.