मामाची खुर्ची

श्युएज्या गावात लग्नाचा मांडव पडला की लोक नवरी कुणाची हे नंतर विचारायचे, आचारी कोण हे आधी. आचारी युलुआन असेल तर पोटाची काळजी मिटली. मात्र एक होतं, तिच्या मांडवात तिचा कायदा चालायचा आणि तो एकच होता. वधूचा मामा मानाच्या खुर्चीवर बसल्याशिवाय फटाक्यांची माळ लागणार नाही, आणि माळ लागल्याशिवाय पहिलं ताट हलणार नाही. वर आभाळात देव थोर, खाली जमिनीवर मामा थोर, ही म्हण तिकडे शेंबड्या पोराला पाठ असते. पण पाठ असणं निराळं आणि पाळणं निराळं.

एकदा एका कौन्सिलराच्या घरचं लग्न होतं. निवडणुकीचे दिवस, साहेबांना आणखी चार मांडवांत तोंड दाखवायचं होतं. मामा कुठेतरी पुलावर गाडी बंद पडून अडकलेला. साहेब चुलीपाशी येऊन म्हणाले, "बाई, वाढायला घ्या, मला उशीर होतोय."

युलुआनने कढईतून मानही वर केली नाही. "तुम्ही मामा आहात का?"

"मी मुलीचा बाप आहे."

"मग बसा पाहुण्यांत. सूर्यफुलाच्या बिया आहेत टेबलावर, खा."

साहेब बसले. बिया खाल्ल्या. मामा आला, माळ वाजली, मग ताटं निघाली. त्या दिवसापासून तिचं नाव तालुकाभर झालं.

हे तोंड तिला बापाकडून मिळालं होतं आणि हात पण. बाप चुआंग मास्तर, नावाजलेला आचारी. त्याचा पळा खरं तर थोरल्या मुलाकडे, शिनयीकडे जायचा. हातही चांगला होता त्याचा. पण शिनयीचा पाद्र्याच्या मुलीवर जीव जडला, तो चर्चमध्ये गेला, आणि देवळाच्या जत्रेचा नैवेद्य शिजवायला नाही म्हणाला. आता श्युएज्यात नैवेद्य न करणारा आचारी म्हणजे पोहता न येणारा कोळी. बाप तणतणला, पळा आपटला. पोरीच्या हातात कढई द्यायला तर मुळीच तयार होईना. "बायकांनी भाज्या चिराव्यात," म्हणायचा. तेव्हा शिनयीनेच बापाला तोंडावर सांगितलं, "लुआनचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिला द्या नाहीतर धंदा बंद करा." म्हातारा दोन दिवस जेवला नाही, मग दिला पळा तिच्या हातात.

म्हणून म्हणते, शिनयी माणूस वाईट नव्हता. नाकासमोर चालणारा, शब्दाला जागणारा. पुढे चर्चचा वडीलधारी झाला, लोक त्याला मानायचे. आणि तिथेच घोडं अडलं.

युलुआनची एकुलती एक मुलगी हुईचेन. नवरा लवकर गेला, पोरीला तिने वाफेच्या डब्यांच्या मागेच वाढवली. एक दिवस पोरीने सांगितलं की चिगु गावची शाओती, मत्स्यतळ्यावाल्यांची मुलगी, हीच माझी जन्माची जोडीदार. युलुआन तीन दिवस लख्ख कढया पुन्हा पुन्हा घासत बसली. चौथ्या दिवशी तिने शाओतीला बोलावून आलं चिरायला बसवलं. सुतासारखं चिरलं पोरीने, बोट न कापता, तक्रार न करता. "ठीक आहे," युलुआन म्हणाली, "ही टिकेल."

पुढे बाईने बाईशी, पुरुषाने पुरुषाशी लग्न करावं का, यावर देशात सार्वमत आलं. श्युएज्यातली देवळाची मंडळी आणि चर्चची मंडळी एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, पण या गोष्टीवर दोघांचं असं गूळपीठ जमलं की विचारू नका. चर्चवाले म्हणायचे, देवाने बाई आणि पुरुष अशी जोडी केली. देवळाचे म्हातारे म्हणायचे, असली लग्नं झाली तर पूर्वजांपुढे उदबत्ती लावणार कोण? शिनयी दारोदार सह्या गोळा करत फिरला. बहिणीच्या दारावरून जाताना मात्र मान खाली घालून गेला. मतं पडली ती विरोधातच पडली, सगळ्या देशात. पण असली लग्नं होऊ द्या असा निकाल न्यायालयाने आधीच देऊन ठेवला होता, म्हणून पुढच्या मे महिन्यात कायदा झाला तो झालाच. पोरींनी जाऊन नोंदणी केली.

"झालं ना लग्न, आता पंगत कशाला?" हुईचेन म्हणाली. "लोक बोलतील."

"लोक खाऊन बोलू देत," आई म्हणाली. "उपाशी बोलतात ते जास्त झोंबतं."

मामाला आमंत्रण स्वतः जाऊन द्यायचं असतं, लग्नाचे गोड रोट घेऊन. युलुआन गेली. शिनयीने रोट घेतले, बसायला सांगितलं, चहा दिला, आणि मग म्हणाला, "लुआन, मी येईन. पण त्या खुर्चीवर बसणार नाही."

"का? खिळा आहे खुर्चीला?"

"थट्टा नको. तिथे बसणं म्हणजे चारचौघांत होकार देणं. मी प्रार्थनेला उभं राहून सगळ्यांसमोर नाही म्हटलंय. आज नाही, उद्या हो, असला माणूस मी नाही."

"ते ठाऊक आहे मला. पोरीला न्हाऊमाखू घातलंस, शाळेत सोडलंस, तेव्हा पण तू हाच होतास."

शिनयीचे डोळे भरले. "पोर माझी आहेच गं. लग्न माझं नाही."

उठताना युलुआन म्हणाली, "खुर्ची मी मांडणार. बसायचं की नाही ते तू बघ, दादा."

लग्नाचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. रस्त्यावर मांडव, लाल टेबलक्लॉथ, भरगच्च टेबलं. देवळाचे म्हातारेही आले होते. मत एकीकडे, पोट एकीकडे. मधल्या टेबलावर मानाच्या दोन खुर्च्या. एकीवर शाओतीचा मामा कधीच येऊन बसला होता आणि बियांची टरफलं ढीगभर झाली होती. दुसरी रिकामी. शिनयी आला होता, सूट घालून, पण मांडवाच्या कडेला, चुलींच्या बाजूला खांबाला टेकून उभा.

ऊन डोक्यावर आलं. पोरं रडायला लागली. शाओतीचा मामा बिचारा भला माणूस, म्हणाला, "विहीणबाई, मी एकटा पुरेसा नाही का?"

"तुम्ही तिचे मामा. माझ्या पोरीला तुम्ही उसने मामा."

हुईचेन लाल झग्यात आईजवळ आली. "आई, सोड ना. वाढायला सांग. मला वाईट नाही वाटणार."

"मला वाटेल," युलुआन म्हणाली. "आयुष्यभर लोकांच्या मुलींसाठी थांबले. आज तुझ्यासाठी नाही थांबले तर उद्या गाव काय म्हणेल? आईनेच रीत सोडली, म्हणजे तिलाही हे लग्न खरं वाटलं नव्हतं. तसं मी म्हणू देणार नाही कुणाला."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. भावाला ओढून बसवावं तर तो भाऊ राहणार नाही. रीत मोडावी तर लग्न राहणार नाही. वाफेच्या डब्यांत मासे चढलेले, त्यांना कुणाच्या तत्त्वांशी देणंघेणं नसतं, ते शिजतच असतात. युलुआनने एकवार भावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही. रागाने नाही, पण नाही.

तिने एप्रन सोडला, मदतनीस आहोंगच्या अंगावर टाकला, केस सारखे केले आणि सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसली.

देवळातला एक म्हातारा पुटपुटला, "बाई कधी मामा होते का?"

"ही खुर्ची माझ्या माहेरची आहे," युलुआन ठणकावून म्हणाली. "माहेरच्या मुलाला बसायचं नाही, तर माहेरची मुलगी बसेल. मी चुआंग मास्तरची पोर आहे, कुणाला शंका असेल तर बोला. आहोंग, माळ लाव."

शाओतीचा मामा पहिला हसला. मग बायकांच्या टेबलावर हशा पिकला, आणि माळ कडाडली.

थंड ताटं गेली, तळलेले गोड लाडू गेले. पण मानाच्या खुर्चीवरून मासा येईपर्यंत उठायचं नसतं, आणि युलुआनचा जीव तिकडे डब्यांत अडकलेला. आहोंग कामाला वाघीण, पण वाफ ऐकायचा कान तिला नव्हता. लोक अभिनंदन करत होते आणि युलुआनला फक्त वाफेचा आवाज ऐकू येत होता. आता काढायला हवेत, आता, नाहीतर चोथा होईल. आहोंग अजून भांडी मोजत होती.

तेवढ्यात चुलींकडून आवाज आला, "अगं काढ ते, काय बघत बसलीस. बाजूला हो."

शिनयीने कोट काढून खांबाला अडकवला होता. शर्टाच्या बाह्या वर. त्याने झाकण उचललं, वाफेत तोंड घातलं आणि एकेक ताट फडक्याने धरून बाहेर काढायला लागला, हिरवा कांदा, आलं, वरून कडकडीत तेल. तीस वर्षं झाली होती त्याने चूल सोडून, हात विसरला नव्हता. बायका ताटं घेऊन पळायला लागल्या. मधल्या टेबलाचा मासा मात्र त्याने कुणाला दिला नाही, स्वतः घेऊन आला.

ताट ठेवलं. माशाचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे करायचं असतं. शिनयी क्षणभर थांबला, मग त्याने ताट हळूच फिरवलं आणि माशाचं तोंड बहिणीकडे केलं. हुईचेन रडायला लागली. युलुआन मात्र मामा म्हणून बसली होती, तिला रडून चालणार नव्हतं.

"उद्या पुन्हा मतदान झालं ना," शिनयी हळू आवाजात म्हणाला, "तर माझं मत तेच असेल."

"दे की," युलुआन म्हणाली. "मतपेटी तुझी आहे. आत्ता आधी जा आणि कोंबडीच्या सुपाकडे बघ, आहोंग त्यात पाणी ओतेल."

शिनयी शर्टाला हात पुसत माघारी चुलींकडे गेला. युलुआनने जेवायच्या काड्या उचलल्या, मानाप्रमाणे माशाचा पहिला घास घेतला, आणि मग सगळा मांडव माशावर तुटून पडला. तीस वर्षांत ती पहिल्यांदाच कुणाच्या लग्नात बसून गरम जेवत होती, आणि तेही भावाच्या हातचं.