उन्हाळ्यापर्यंत थांबू

अकरावीला असताना बारामतीच्या वसतिगृहात आम्ही चौघं एक खेळ खेळायचो. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन काय करायचं ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. त्या रविवारी मी गोष्टीत खजिन्यासकट बुडालेलं जहाज आणलं. तळाशी आठ हातांचा राक्षस, दारादारांत सापळे. आठवडाभर खपलो होतो त्यावर.

इंदापूरकडचा मित्र म्हणाला, "बुडी कशाला मारायची? काठावर थांबू की. उन्हाळ्यात पाणी उतरतंय, मग चालत जाऊ."

बाकीचे दोघं लगेच "व्हय की" म्हणाले. माझं डोकंच फिरलं. "अरे, समुद्र आहे तो! उतरत नसतो."

"आमचं गाव धरणात हाय," तो म्हणाला. "वैशाखात घराचा उंबरा उघडा पडतो. आई जाऊन हळद-कुंकू लावून येती."

"इथं धरण नाही," मी ठणकावलं आणि फासा त्याच्यापुढं सरकवला. त्यानं मुकाट बुडी मारली. फासा वाईट पडला आणि गोष्टीतला तो तिथंच बुडून मेला. पुन्हा तो खेळायला बसला नाही.

समुद्र कुठं खरा होता? मी नुसतं "उतरला" म्हणालो असतो, तरी उतरला असता.