एक जून आणि एक ऑक्टोबर

प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पिंपळगाव रेणुकाईहून भोकरदन, जालना, मुंबई मार्गे अमेरिकेला जाणारी गाडी बारा वर्षे उशिराने फलाटावर येत आहे. प्रवाशांनी आपले सामान, आपली बायको, आपली एकवीस वर्षांखालील बिनलग्नाची लेकरे आणि आपली जन्मतारीख सांभाळावी. जन्मतारीख चुकीची निघाल्यास कोणीही जबाबदार राहणार नाही.

असं मी खरंच पुकारलं असतं. भोकरदनच्या बसस्टँडावर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात माझी उमर गेली. माझा आवाज राजूरपर्यंत ऐकू जातो असं लोक म्हणतात. मी खोडून काढत नाही.

पण ही गाडी मला पुकारता आली नाही. ती चुकली. आणि ती मुंबईत चुकली नाही, अमेरिकेतही नाही. ती चुकली आमच्या गावच्या शाळेच्या ओट्यावर, मी सहा वर्षांचा असताना.

माय आम्हा दोघा भावांना घेऊन पायरीखाली उभी होती. पायरीवर नाही. खाली. आमची मेंढरं. आठ महिने रानोमाळ, चार महिने गावात. त्यामुळं दादाचं नाव शाळेत घालायचं राहून गेलं होतं आणि आम्ही दोघं एकाच दिवशी पहिलीत बसणार होतो. गुरुजी खुर्चीवर. गावातल्या सगळ्यात जास्त जमिनीच्या घरातले. आमच्या आधी त्यांच्या भावकीतलं एक पोरगं होतं. त्याची पत्रिका लाल कापडात बांधून आणली होती. गुरुजींनी ती कपाळाला लावली, उलगडली, तारीख सावकाश उतरवून घेतली. मग आम्ही.

मायनं तारीख सांगितली. तिला ती पाठ होती. "थोरला बैलपोळ्याच्या आदल्या दिशी झाला, गुरुजी. मधी दोन पावसाळे गेले. मंग ह्यो, संक्रांतीला."

गुरुजींनी मान वर केली नाही. म्हणाले, "मेंढरांना कुठं जन्मतारीख असते व्हय?"

ओट्यावर बसलेली माणसं हसली. मायही हसली. माय हसली म्हणून मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं. दात दिसत होते आणि डोळे जमिनीत.

गुरुजींनी दादाला एक जून टाकला. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून ज्याच्याकडं पत्रिका नाही तो एक जूनला जन्मला. अर्धा वर्ग एक जूनचा. माझ्यापाशी आल्यावर गुरुजी थबकले. दोन भाऊ एकाच दिवशी कसे टाकावेत, हे जुळे थोडेच आहेत, असं स्वतःशीच म्हणाले आणि मला एक ऑक्टोबर टाकला. साल दोघांना एकच. शाई वाळवली, रजिस्टर मिटलं.

जून ते ऑक्टोबर. चार महिने. झालं.

पुढं दादा शिकला. माझ्याहून अडीच वर्षांनी मोठा असून माझ्याच वर्गात, तेव्हा पहिला नंबर त्याचाच. वसतिगृहात राहिला, इंजिनिअर झाला, अमेरिकेला गेला, तिथला नागरिक झाला. मी मॅट्रिक झालो आणि भोंग्यासमोर बसलो. जालना जिल्हा होऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा दादानं माझ्यासाठी अर्ज केला. भावानं भावासाठी. अर्ज पोचल्याचं पत्र आलं तेव्हा माझी लेक सहा वर्षांची होती. मी तिला खांद्यावर घेऊन स्टँडभर नाचलो.

आता रांगेचा कायदा सांगतो. बारा वर्षांत मी तो आरतीसारखा पाठ केला.

नागरिकाच्या आईबापाला रांग नाही. बायकोला नाही. अर्ज करा, कागद दाखवा, या. भावाला मात्र सगळ्यात मागची रांग. साऱ्या दुनियेतल्या भावाबहिणींना मिळून वर्षाला ठरावीक जागा. त्यात अजून एक गंमत. कुठल्याही एका देशाला ठरलेल्या हिश्शापेक्षा जास्त मिळणार नाही, आणि ही मर्यादा सगळ्यांना सारखी. देश भोकरदन तालुक्याएवढा असो की हिंदुस्थानाएवढा. म्हणजे कसं, तर अंगारकीला राजूरच्या गणपतीला जेवढ्या गाड्या सोडायच्या, तेवढ्याच गाड्या पाच घरांच्या वाडीलाही सोडायच्या, आणि म्हणायचं, बघा, सगळ्यांना बराबर. वाडीच्या गाडीत कंडक्टर एकटाच जांभया देतोय. राजूरच्या गाडीला माणसं टपावर.

तुमचा अर्ज पोचला ती तारीख म्हणजे तुमचा नंबर. दर महिन्याला ते एक तारीख जाहीर करतात. तुमची तारीख तिच्या आधीची असली की पाळी आली. ही तारीख पुढं सरकते. कधी महिनाभर, कधी आठवडा. कधी जागची हलत नाही. आणि कधी, महाराज, ती मागं जाते. मी आयुष्यभर गाड्या पाहिल्या. उशिरा येणाऱ्या, न येणाऱ्या, रस्त्यात बसलेल्या. पण जालन्याहून निघून हसनाबादपर्यंत आलेली गाडी परत जालन्याला गेली, असं मी कधी पुकारलं नव्हतं.

दर महिन्याला एका रविवारी दादा स्टँडावरच्या एसटीडीवर फोन करायचा आणि तारीख वाचून दाखवायचा. मी फोन ठेवून बाहेर आलो की चहावाला, पेपरवाला, ड्रायव्हर सगळे विचारायचे, "काय अण्णा, आली का गाडी?" सुरुवातीला मायेनं. मग मजेनं. मग मजाही संपली, सवय राहिली.

मायला रांग नव्हती. ती पुढच्या वर्षी जाऊ शकत होती. तिनं दादाला फोनवर एवढंच विचारलं, "तिकडं मेंढरं हायेत का?" दादा म्हणाला, हायेत, पण दोन दिवसांच्या वाटेवर. तिनं फोन माझ्या हातात दिला. ज्याला जायचं त्याला रांग, जिला नको तिला दार उघडं.

बारा वर्षं. एक तप. घराचे पत्रे गळायचे. आपण जाणारच आहोत, म्हणून बदलले नाहीत. लेकीला स्थळं यायला लागली. लेकरू एकवीसचं झालं की नाव कटतं आणि लग्न झालं तरी कटतं, म्हणून मी एकेक स्थळ परत पाठवलं. पाहुणे म्हणायचे, पोरीला घरात ठेवून अमेरिका पिकवणार का? लेक गालातल्या गालात हसायची. तिला लग्न नकोच होतं. तिला नर्स व्हायचं होतं, तिथं. उशाला इंग्रजीचा शब्दकोश घेऊन झोपायची. अठरा वर्षांची झाली आणि पाळी आली.

मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत खिडकीतली बाई सभ्य होती. तिनं आवाज चढवला नाही. दादाचा शाळेचा दाखला पाहिला, माझा पाहिला, पुन्हा दादाचा पाहिला. दुभाष्यानं मराठीत विचारलं, "तुम्ही दोघं एकाच आईचे?" मी हो म्हणालो. मग त्यानं तिचा दुसरा प्रश्न सांगितला. एका आईला चार महिन्यांच्या अंतरानं दोन मुलं कशी झाली?

माझ्या मागं एक सुटातला माणूस होता. तो हसला. आणि मीही हसलो. चाळीस वर्षांनी तेच हसू. दात दिसतायत आणि डोळे जमिनीत. शेजारी बायको आणि लेक उभ्या. लेक हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

त्यांनी एक कागद दिला. वर्षाच्या आत पुरावा आणा, नाहीतर नाव रद्द. नाव रद्द म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा बारा वर्षं. तोवर लेक एकवीस ओलांडून कुठल्या कुठं गेलेली.

मी गावी गुरुजींकडं गेलो. निवृत्त होऊन ते पुढारी झाले होते. शाळेतलं पान त्यांच्या शब्दाशिवाय हलत नव्हतं. मला दोनच ओळी पाहिजे होत्या. या पोरांच्या तारखा मी अंदाजानं लिहिल्या, खाली सही. बस्स.

गुरुजींनी चहा दिला. मग म्हणाले, "मी अंदाजानं लिव्हलं असं लिहून देऊ? मंग उद्या सारं गाव दारात येईल. रजिस्टर चुकत नसतं."

पण त्यांनी तोड काढली होती. जालन्यात मस्तगडच्या कुण्या ओळखीच्या वकिलाला विचारून ठेवलं होतं. सावत्र भावालाही तोच नंबर चालतो. तेव्हा असं लिहायचं, की माझ्या बापाला पहिली बायको होती, ती वारली, आणि दादा तिचा. गुरुजी स्वतः साक्षीला सही करणार. फक्त म्हातारीचा अंगठा आणायचा. मला म्हणाले, "तुझ्या लेकीसाठी करून राह्यलो."

इथं मला खोटं बोलता येत नाही. मी हो म्हणालो.

चार दिवसांनी मायला घेऊन गेलो. स्टँडावरचं शाईचं पॅड खिशात घातलं. दादाच्या कागदावर अंगठा पाहिजे, एवढंच तिला सांगितलं. ती खुशीत होती. नवं लुगडं नेसली होती.

गुरुजींच्या ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. माय पायरीखाली उभी राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई, ओट्यावर एक खुर्ची रिकामी, आणि ती आपोआप पायरीखाली. तिनं अंगठा पुढं केला. मी शाई लावली. मग ती म्हणाली, "काय लिव्हलंय ते वाच."

मी म्हणालो, काही नाही, सरकारी भाषा आहे.

"गाड्या पुकारतो तसं वाच," माय म्हणाली. "मला कमी ऐकू येतंय."

मी स्टँपपेपर उघडला आणि पुकारायला लागलो. खणखणीत. मी खालील सही करणार, वय अमुक, राहणार पिंपळगाव रेणुकाई. गल्लीतनं जाणारी माणसं थांबली. पलीकडच्या दारात बायका आल्या. प्रतिज्ञेवर लिहून देते की. माय मान हलवत होती. की माझ्या पतीचा थोरला मुलगा हा माझ्या पोटचा नसून.

भोंग्यापुढं इतकी वर्षं बसलो, माझा आवाज कधी अडकला नव्हता. तिथं अडकला.

मायनं माझ्याकडं पाहिलं. अंगठ्याची शाई लुगड्याच्या पदराला पुसली. नव्या लुगड्याला. ओट्यावरचा एकजण फिसकन हसला, आणि मला कळलं की माझाही चेहरा हसायच्या तयारीला लागलाय. दात बाहेर यायला लागलेत. चाळीस वर्षांची सवय.

मी तोंड मिटलं. पॅड मिटलं. म्हणालो, "अंगठा लागणार न्हाई, गुरुजी."

"मंग बस रांगेत जन्मभर," गुरुजी म्हणाले.

बसलो. मायनं सांगितलं तसंच लिहून मी मुंबईला पाठवलं. पोळा, दोन पावसाळे, संक्रांत. त्यांना त्या काळचं सरकारी कागदपत्र पाहिजे होतं. त्या काळचं सरकारी कागदपत्र म्हणजे गुरुजींचं रजिस्टर. वर्ष संपलं, नाव कटलं. दादा फोनवर रडला. म्हणाला, एक अंगठाच तर होता. लेक दोन महिने माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण शब्दकोश कुठं गेला ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. रोज वाटतं. तरी तो अंगठा मी पुन्हा लावून घेणार नाही.

आणि दर जूनला मी रजा काढतो. शाळा उघडली की शाळेच्या त्याच ओट्यावर जाऊन बसतो. पायरीच्या वर, खाली नाही. अजून कुठल्या कुठल्या पालावरून, वीटभट्टीवरून बाया लेकरं घेऊन येतात, दाखला नसतो. मी आधी त्यांना वर बोलावतो, बसवतो. मग विचारतो, पोळा की संक्रांत, पाऊस किती, आवस कधी होती. मांडीवर जुनी पंचांगं घेऊन तारीख काढतो आणि ती रजिस्टरात चढेपर्यंत हलत नाही. नवे मास्तर वैतागतात. एकानं विचारलं, अण्णा, तुम्ही कोण लागता यांचे? मी म्हणालो, मी एक ऑक्टोबर. जोवर पायरी चढता येईल तोवर मी तिथं बसणार आहे, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकाही लेकराला एक जून चिकटू देणार नाही. कुणाला आवडो न आवडो.

पण अंगठ्याच्या त्या दिवशी गुरुजींच्या ओट्यावर शेवटचा शब्द माझा नव्हता. तो चोरून मी माझ्या नावावर लावणार नाही. आम्ही निघालो तेव्हा गुरुजी मायला लहान पोराला समजावावं तसं समजावायला लागले. हे बघ, तुझ्या दोन पोरांत कागदावर चारच महिन्यांचा फरक आहे. मंग त्यातला एक दुसऱ्या बाईचा म्हणावाच लागतो की न्हाई?

माय थांबली. एक पाय उचलून तिनं पायरीवर ठेवला, मग दुसरा. बोटांवर काहीतरी मोजलं. तिनं आयुष्यभर तेच मोजलं होतं. आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गुरुजी, मेंढीलाबी पाच महिने लागतात."