कोपराचं ठिगळ

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे भिंगकाका म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते वाचायला वेळ कोणाला होता? फोटोखालच्या दोन ओळी लिहायच्या, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी सत्तावीस वर्षं राज्यकारभाराच्या थाटात केलं. फोटोबरोबरची माहितीची चिठ्ठी न वाचताच पालथी ठेवायची, भिंग लावायचं आणि माणूस ओळखायचा.

"चेहऱ्यावर जाऊ नका," नव्यांना ते बजावायचे. "चेहऱ्याला खोटं बोलता येतं. कोपर बघा, टाचा बघा."

मंदीच्या वर्षी कारखाने पटापट बंद पडले आणि काकांची चलती झाली. रोज रांगांचे फोटो. काका टाचा बघून ठोकून द्यायचे, हा मूळचाच आळशी, हिला फुकटाची चटक. टाच बोलते, काका लिहितात, अशी कचेरीत थट्टा चालायची.

त्या दुपारी फुकट जेवणाच्या रांगेचा फोटो आला. पाठमोरी बाई, कडेवर मूल. रोजचाच माल म्हणून काकांनी आधी ओळ खरडली, 'लाज सोडली की रांग सोपी जाते', आणि मग भिंग कोपरावर नेलं.

कोटाच्या कोपराला चौकडीच्या कापडाचं ठिगळ होतं. ठिगळावर शाईचा लांबट डाग.

ती काकांचीच जुनी पँट होती. माणूस एक वेळ व्याह्याला विसरेल, पण सहा वर्षं याच खुर्चीत झिजवलेल्या पँटीला नाही. गेल्या हिवाळ्यात बायकोनं ती कापून लेकीच्या कोटाला लावली होती.

शेजारच्या शहरात दिलेली लेक दर रविवारी फोन करायची. सगळं छान आहे बाबा, यांना तर कामातून मान वर करायला फुरसत नाही.

कोट विकला असेल. चोरीला गेला असेल. कोणा गरजू बाईला दिला असेल. काकांनी भिंग खाली ठेवलं.

फोटोग्राफर समोरच चहा पीत होता.

"ही पाठमोरी का घेतलीस रे?"

"तीच म्हणाली. चेहरा नको, माझे वडील पेपरात आहेत, ओळखतील. मी म्हटलं, ताई, पेपर वाचतं कोण?" तो हसला. "काय काका, आज टाच मुकी झाली का?"

चेहरा लपवून पोर निर्धास्त झाली होती. बापाचा धंदा विसरली होती.

त्यांनी ओळीचा कागद फाडला आणि फोन ओढला.

"आज रविवार कुठाय बाबा?" लेक म्हणाली. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. थंडी आहे का तिकडे?"

"आहे थोडी."

"कोट घालतेस ना? माझ्या पँटीचं ठिगळ असलेला?"

पलीकडे मूल किरकिरत होतं. लेकीनं आता काहीतरी खोटं सांगावं आणि आपल्याला ते पटावं, असं काकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"किती वाजता उघडतं ते?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"अकराला," लेक हळूच म्हणाली. "पण नऊपासून उभं राहावं लागतं."

"उद्या मी उभा राहतो," काका म्हणाले. "तू पोराला घेऊन घरात बस."